गाडीचा काठ

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या अंगाला काळा, जाडसर, हात फिरवला तर किंचित खरबरीत लागणारा एक काठ असतो. शोरूममधला मुलगा त्याला क्लॅडिंग म्हणतो, गॅरेजवाला पट्टी म्हणतो. आमच्या सासूबाईंचं आयुष्य आंधळगावच्या कोसा साड्या पारखण्यात गेलं. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली आणि ‘रंग उडन, पन काठ चांगला हाये’ असा निकाल दिला. तेव्हापासून आमच्याकडे तो काठच. सासूबाईंनी ओळखलं मात्र नेमकं होतं. साडीचा काठ जमिनीला घासून झिजू नये म्हणून त्याला आतून फॉल लावतात. गाडीचा काठ म्हणजे बाहेरून लावलेला फॉल. चाकानं उडवलेली गिट्टी, चिखल, रस्त्याकडेची काटेरी झुडपं या सगळ्यांनी आधी त्याची गाठ घ्यावी, पत्र्याच्या रंगापर्यंत जाऊ नये, एवढंच त्याचं काम.

एवढ्याशा कामाला इतकी रुंद पट्टी लागत नाही. उरलेला सगळा रुबाब. पूर्वी हा रुबाब चकचकीत असायचा. माझं माहेर भंडाऱ्याचं, आणि बाबांकडे मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रोमची एक बारीक रेघ धावायची. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. रविवारी गल्लीतल्या बायका हंडे-तांबे चिंचेनं घासायला बसल्या की बाबाही चड्डी-बनियनवर बाहेर येऊन आपली रेघ टूथपेस्टनं घासायला बसत. बायका हसत. बाबा म्हणत, ‘तुमचं आतून रिकामं, माझं आतून इंजिन आहे.’ तिकडे युरोपात मात्र 1972 सालीच रेनॉ 5 नावाची गाडी प्लास्टिकचे बंपर लावून आली होती, आणि हळूहळू जगभर क्रोम मागे सरत गेलं. मग कधीतरी कोणाच्या तरी डोक्यात आलं, की काळ्या प्लास्टिकची कडा लावली की साधी घरगुती गाडीही शिकारीला निघाल्यासारखी दिसते. जाहिरातीत ती नदीतून पाणी उडवत जाते, डोंगरावर चढून सूर्यास्ताकडे तोंड करून उभी राहते. प्रत्यक्षात तिचा जन्म बहुधा इमारतींच्या तळघरात, खांब क्रमांक लिहिलेल्या चौकोनात जातो. आयुष्यभर जंगल न पाहता जंगलाचा पोशाख घालून राहायचं, अशी ही गंमत.

आमच्या गाडीच्या नशिबी खरं जंगल आलं. आमचं गाव नाकाडोंगरी, ते तुमसर–कटंगी रस्त्यावर आहे. पुढे थोडं गेलं की महाराष्ट्र संपतो. गावात वनपरिक्षेत्राचं कार्यालय आहे, शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे, आणि मधल्या सगळ्या जागेत धान. धान कापणीला येतं त्या दिवसांत रानडुकरं बांध्यांमध्ये मुक्कामालाच असतात. अशाच एका दिवशी मी शाळेतून तुमसरला काही कामासाठी गेले होते, परत येताना गोबरवाहीच्या फाटकाशी मालगाडीसाठी थांबले, आणि फाटक उघडल्यावर अंधाराच्या तोंडाशी घराकडे निघाले. धुऱ्यावरून एक काळं काहीतरी सुटलं, गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी धडकलं आणि पलीकडच्या बांधीत शिरून गेलं. मी खाली उतरून पाहिलं तर धान अजून हलत होतं. डुकराचं काही बिघडल्याचं दिसलं नाही. चाकावरचा काठ मात्र मधोमध फुटून दोन क्लिपांवर लोंबत होता. जंगलासाठी म्हणून शिवलेला पोशाख जंगलाच्या पहिल्याच भेटीत उसवला. डुकरानं जाहिरात पाहिलेली नसते.

पुढचे काही दिवस गावात गाडीची चौकशी कोणीच केली नाही; चौकशी डुकराची. केवढं होतं? एकटं होतं की लेंढार? सुळे होते का? मी सांगितलेलं डुक्कर कोणाच्याच पसंतीस उतरेना, म्हणून ते सांगणाऱ्यागणिक वाढत गेलं आणि दिवाळीपर्यंत त्याला वासराएवढी उंची आली. एकानं सुचवलं, की वनखात्याकडे अर्ज करा. धानाची नासाडी झाली तर भरपाईसाठी तसा अर्ज करतातच. गाडीच्या काठासाठी तो कोणत्या नमुन्यात लिहायचा, पिकाचं नाव काय टाकायचं आणि क्षेत्र किती आर दाखवायचं, हे मात्र त्याला सांगता येईना.

फुटलेली पट्टी मी घरी नेऊन उलटी केली, तेव्हा तिची दुसरी बाजू पहिल्यांदा पाहिली. बाहेरून एवढी गंभीर वाटणारी ही वस्तू आतून एखाद्या शाळकरी वहीसारखी लिहिलेली असते. एका जागी नखाएवढं गोल घड्याळ उठवलेलं होतं: कडेनं 1 ते 12 आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन्ही अंगांना वर्षाचे दोन अंक. साच्यातून कोणत्या महिन्यात बाहेर पडली त्याची ही नोंद. त्याच्या शेजारी इंग्रजी अक्षरांत तिचं कूळ लिहिलेलं: पीपी, अधिक ईपीडीएम, आणि टीडी 20. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचिकपणासाठी थोडं रबर, आणि ताठपणासाठी शंभरात वीस भाग शंखजिऱ्याची भुकटी. तेच शंखजिरे, जे आपण पावडर म्हणून लग्नाला जाताना चेहऱ्याला लावतो. रानटी दिसण्यासाठी जन्मलेल्या या पट्टीचा पाचवा हिस्सा टाल्कम आहे, हे कळल्यावर मला तिच्याबद्दल एकदम माया वाटली. बिचारी आतून चांगलीच नटलेली होती.

शेजारच्या भाऊजींनी खिशातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढली होती. आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक माणूस असतो, त्याला जगातली सगळी दुःखं चिकटवण्याजोगी वाटतात. पण पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मोठा अलिप्त. तेलकट तव्यावर पाणी जसं पसरत नाही, तसा गोंद त्याच्यावर पसरत नाही. वाळतो, कडक होतो आणि पापुद्र्यासारखा निघून येतो. दह्याचे डबे, दोरखंड, खुर्च्या, सगळीकडे हाच प्लास्टिकचा प्रकार असतो, आणि आपल्या खुर्च्या कधीच नीट का चिकटत नाहीत याचं उत्तरही तेच. भाऊजींनी पापुद्रा बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला. नंतर तोच गोंद वापरून त्यांनी आमच्या दाराच्या घंटीचं बटण चिकटवलं. ते अजून पक्कं आहे आणि दाबलं जात नाही.

नवी पट्टी नागपूरहून मागवली. ती आली तेव्हा खोक्याचा आकार पाहून गल्लीला वाटलं फ्रीज आला. आत हवा, हवेत हवाबंद पिशव्या, त्यांच्यामध्ये ती कमान. आणि क्लिपा? क्लिपा वेगळ्या घ्याव्या लागतात. ज्यांच्या आधारावर ही एवढी मोठी वस्तू उभी राहते, त्या नायलॉनच्या बोंडुकल्या तुमसरच्या दुकानात काचेच्या बरणीतून मोजून देतात. दुकानदार म्हणाला, ‘दोन जास्त घेऊन जा ताई, बसवताना तुटतात. तुटायसाठीच असतात.’ मी थांबून विचारलं, तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. धक्का बसला तर आधी क्लिप जावी, मग पट्टी, मग पत्रा. स्वस्तानं महागाच्या आधी मरावं अशी ती रांग आहे. पुढे त्यानं मोजून एक क्लिप वर टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना ही रांगच मान्य नव्हती. त्यांचा जन्म ज्या धातूच्या संगतीत गेला, त्याची रीत उलटी आहे. 1882 साली इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये रॉबर्ट हॅडफिल्डनं पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिलं आणि त्याला एक अजब पोलाद मिळालं: त्याला जितकं ठोकावं तितकं ते वरून कठीण होतं. रेल्वेच्या रुळांची क्रॉसिंगं त्याची करतात, दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे त्याचे करतात. मामाजींनी असे जबडे उभ्या आयुष्यात कितीतरी बदलले. ‘मार खाऊन खाऊन चकचक करते तो,’ ते सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर गुणी विद्यार्थ्याबद्दल बोलणाऱ्या मास्तरांचा भाव येतो. डोंगरातून मँगनीज काढायचं, ते पोलादात घालायचं, त्या पोलादाचे जबडे करायचे आणि त्या जबड्यांनी पुन्हा डोंगरातून आलेला दगड फोडायचा, यात काही विचित्र आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मलाच वाटतं. आमच्या भागातल्या खाणींची कंपनी 1896 सालची आहे. आधी ती इंग्रजांची होती, 1962 पासून ती आजच्या मॉईलच्या रूपात आहे. इतकी वर्षं हा डोंगर जगाला कणखरपणा पुरवत आला, आणि त्याच्या पायथ्याशी माझी गाडी टाल्कम लावून उभी.

डोंगरी बुजुर्गच्या खाणीचा एक हळवा भागही आहे. तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलमध्ये जातं. टॉर्चचा जुना सेल फोडला की आत काळी भुकटी निघते ती हीच. लहानपणी आम्ही भंडाऱ्याला मेलेले सेल दगडावर ठेचून त्यातली कार्बनची कांडी काढायचो आणि तिनं भिंतीवर शेजाऱ्यांची व्यंगचित्रं काढायचो. हात कोपरापर्यंत काळे, आणि आईचा मार ठरलेला. ती भुकटी कुठून येते ते तेव्हा माहीत नव्हतं. लग्न होऊन इकडे आले आणि पहिल्या पावसाळ्यात खाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्त्यावर सांडलेला काळा गाळ पायाला लागला, तेव्हा हात उगीच कोपराकडे गेला. याच खनिजाचा एक प्रकार गुरांच्या खुराकातही घालतात. म्हणजे आमचा डोंगर टॉर्चमधून उजेड पाडतो आणि म्हशीच्या पोटातून दूधही देतो. गाडीच्या काठाशी त्याचा संबंध मात्र कोणी जोडलेला नव्हता, तो मामाजींनी जोडला.

मंडईचे दिवस जवळ आले होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार, नाटकं, पाहुण्यांची रीघ, आणि प्रत्येक पाहुण्याच्या डोळ्यांत अंगणात उभ्या असलेल्या गाडीबद्दलचा एक मूक प्रश्न. तुटक्या काठाची गाडी घेऊन नणंदेला आणायला जाणं सासूबाईंना मंजूर नव्हतं. एका सकाळी गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी केली, स्टेअरिंग पूर्ण एका अंगाला वळवून चाक आत घेतलं आणि कामाला बसले. मामाजी खाटेवर, त्यांच्या हाताशी सब्बल, हातोडा आणि खाणीच्या काळातला एवढा मोठा पाना. त्यांनी ही आयुधं अनुक्रमे सुचवली. मी दप्तरातून शाळेची प्लास्टिकची फूटपट्टी काढली. ‘पट्टीनं पट्टी काढते का वो?’ म्हणून ते मनापासून हसले. लोखंड पत्र्याचा रंग खरवडतं, प्लास्टिक खरवडत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. कडेनं आधी कागदी टेप लावून घेतली, चाकाच्या कमानीतले खालचे स्क्रू सोडवले, फूटपट्टीनं कड उचकली आणि दोन्ही हातांनी सरळ बाहेर ओढली. तिरकं ओढलं तर भोकं फाटतात. सरळ ओढलं तर एकेक क्लिप ‘टक्’ म्हणून सुटते. दाताच्या डॉक्टरकडे बाहेर बसलेल्या माणसासारखे मामाजी प्रत्येक ‘टक्’ला डोळे मिटत होते.

पट्टी निघाली आणि मागचं दृश्य उघडं पडलं. पत्र्याच्या आणि काठाच्या मधल्या बोटभर पोकळीत एक छोटा प्रदेश तयार झाला होता. खाली मँगनीजची काळी धूळ, तिच्यावर तुमसर रस्त्याची लाल माती, त्यावर बांधीचा करडा चिखल. थर इतके स्वच्छ, की आठवीच्या भूगोलाला दाखवावेत. मोहाचं एक पान अर्धं कुजलेलं. मुंग्यांची एक वस्ती, ती तात्काळ अंडी उचलून स्थलांतराच्या गडबडीत लागली. आणि चिखलात, कोपऱ्याला, धानाचं एक रोप. कधीतरी उडालेला एखादा दाणा पावसाळ्यात तिथे रुजला असणार. उजेड मिळाला नव्हता म्हणून पिवळट, लांबट, बाहेर यायची वाट शोधत फटीच्या दिशेनं वाकलेलं. ते माझ्याबरोबर रोज शाळेत आलं होतं, तुमसरच्या बाजाराला आलं होतं, फाटकाशी मालगाडीसाठी थांबलं होतं.

मामाजी खाटेवरून उठले. काम सुरू झाल्यापासून प्रथमच. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रोप दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ पाहून ‘एचएमटी वाटते’ म्हणाले. एवढ्याशा, आजारी रोपावरून वाण ओळखणं शक्य नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. पण आमच्याकडे धानापुढे गप्प बसणं शिष्टाचाराला धरून नाही. एचएमटीचं नाव काढलं की त्यांना दादाजी खोब्रागडे आठवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा दीड एकराचा शेतकरी. 1983 साली आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या त्यानं हेरल्या, त्या बाजूला काढून वर्षानुवर्षं जपल्या, आणि त्यातून जो बारीक तांदूळ निघाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं. ‘माणसाची नजर पाहिजे,’ मामाजी म्हणाले. आपल्या नजरेविषयी त्यांना काय म्हणायचं होतं ते ओळखून मी मान डोलावली. रोप त्यांनी मातीसकट उचललं आणि विहिरीच्या पाटाशी नेऊन लावलं. कापणीच्या हंगामात रोवणी करणारा गावातला तो एकमेव माणूस असावा.

माती काढून पत्रा पुसला तर खाली गाडीचा मूळ रंग निघाला. गाडी घेतली त्या दिवशीचा, गडद निळा. बाहेरचा रंग इतका फिका पडला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. नवरा तेवढ्यात बाहेर आला, वाकून पाहून गेला आणि ‘अरे, हा आपला रंग होता नाही का,’ म्हणाला. काही क्षण आम्ही दोघं त्या हातभर निळ्याकडे पाहत उभे राहिलो. मग त्याच्यावर काळी पट्टी बसवायची होती.

पट्टीच्या दोन्ही टोकांना क्लिप नसते, तिथे दुहेरी टेप असते. जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी करायची, टेपचा लाल कागद सोलायचा आणि दाबून धरायचं. ही टेप मोठी सावकाश माणसाळते. लावल्यावर वीस मिनिटांत तिची जेमतेम निम्मी पकड येते, एका दिवसात बरीचशी, आणि पूर्ण बसायला 72 तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. क्लिपांचं उलट, त्या एका क्षणात बसतात किंवा बसतच नाहीत. भोकाशी भोक जुळवलं, पण मारायला माझा हात कचरत होता. मामाजींनी मला बाजूला सारलं. हातोडा घेतील असं वाटलं, पण त्यांनी घेतला नाही. तळहात पट्टीवर ठेवला, थोडा फिरवला, आतली बोंडुकली कुठे आहे ते चाचपलं आणि एकच थाप दिली. टक्. पुढची. टक्. जबडे बदलणारे ते हात एवढ्या हलक्या आवाजाचंही काम करतात, हे मला नवीन होतं. वरची मिळालेली क्लिप वापरायची वेळच आली नाही.

काम सुरेख झालं, आणि तिथेच खरी पंचाईत झाली. नवा काठ काळाभोर, बाकीचे तीन राखाडी. विदर्भाच्या उन्हानं त्यांचं तेज केव्हाच नेलं होतं. चारही एकसारखे होते तोवर ते राखाडी आहेत असं वाटत नव्हतं. सासूबाईंनी लांब उभं राहून पाहिलं आणि ‘आता बाकीची जुनी दिसते,’ म्हणाल्या. मुलांनी बूटपॉलिश आणलं, भाऊजींनी खोबरेल तेल. तेल लावल्यावर उरलेले तीन काठ एक दिवस नव्यापेक्षा काळे झाले, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर धूळ बसून पिवळे झाले. शेवटी नव्यालाच उन्हात मुरू द्यायचं ठरलं. आमच्याकडच्या मे महिन्याला फार वेळ लागत नाही.

नणंद मंडईला आली. गाडीत बसण्याआधी तिनं तिच्याभोवती चक्कर मारली, काठापाशी थांबली. घरातले सगळे श्वास रोखून उभे. ‘वहिनी,’ ती म्हणाली, ‘डुक्कर वासराएवढं होतं म्हणे?’

फुटलेली पट्टी फेकायला म्हणून मागच्या दारी ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी दिसेना. मामाजींनी ती अर्ध्या गोलात जमिनीत गाडून सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा केला होता. माती वाहून जात नव्हती, पाणी टिकत होतं, कोंबड्यांना ती कड ओलांडावीशी वाटत नव्हती. अर्ध्या गोलातला सांबार चांगला तरारून आला आणि मोकळ्या अर्ध्याचा कोंबड्यांनी फडशा पाडला. परवा मी शाळेला निघाले, गाडी सुरू केली, तर मामाजी घाईघाईनं फाटकाशी आले. काच खाली केली.

‘हळू जाजो,’ ते म्हणाले. मग गाडीच्या उजव्या चाकाकडे एकदा पाहून जरा जवळ वाकले. ‘पन तिकडली तुटलीच कधी, तर फेकजो नको. वाफा पुरा करून टाकू.’